घटक ५ : ‘ओल’ – एका शब्दाची अनेकार्थता

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला

• अनेकार्थता म्हणजे काय, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘ओल’ या शब्दाचा मुख्यार्थ आणि त्यापासून निघालेले लक्ष्यार्थ यांतील संबंध दाखवता येईल.
• विरुद्धार्थी शब्दाच्या आणि सहप्रयोगाच्या साहाय्याने शब्दाचा नेमका अर्थ निश्चित करता येईल.
• अनेकार्थी शब्द आणि समरूप शब्द यांतील भेद सांगता येईल.
• लोकव्यवहारातील शब्द आणि शासनव्यवहारातील संज्ञा यांतील अंतर ओळखता येईल.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाचा सामान्य विचार केला. या घटकात एकच शब्द घेऊन त्याच्या अर्थांचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो शब्द आहे ‘ओल’. हा शब्द तुम्ही लहानपणापासून वापरत आला आहात. भिंतीला ओल येते, शेतात ओल असते, एखाद्या पत्रातल्या मजकुरात ओलावा जाणवतो, नारळ ओला असतो आणि दुष्काळही ओला असतो. हे सारे अर्थ आपण न अडखळता समजून घेतो. मात्र ते एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, याचा विचार सहसा करीत नाही.

एका शब्दाला परस्परसंबद्ध असे अनेक अर्थ असण्याच्या या गुणधर्माला भाषाविज्ञानात ‘अनेकार्थता’ म्हणतात. फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात या गुणधर्माला स्वतंत्र संज्ञा दिली. अनेकार्थता हा भाषेचा दोष नसून भाषेच्या वाढीची ती खूण आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. नवा अनुभव आला की भाषा प्रत्येक वेळी नवा शब्द घडवीत नाही, जुन्याच शब्दाला नव्या कामाला लावते.

अभ्यासासाठी आपण एक भूप्रदेश समोर ठेवू. पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात लोणी भापकर हे गाव आहे. मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर आणि त्यालगतची पायऱ्यांची पुष्करणी यांसाठी ते ओळखले जाते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या तालुक्यात वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वराला याच्या दहापटीहून अधिक पाऊस मिळतो. तालुक्याचेही दोन भाग पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या गावांना मिळाले, तो बागायत भाग. आणि सुपे, मोरगाव, लोणी भापकर या बाजूचा, मुख्यतः पावसावर अवलंबून राहिलेला, तो जिरायत भाग. ‘ओल’ या शब्दाचा मुख्यार्थ समजून घ्यावयाचा तर अशा जिरायत भागातून सुरुवात करणे सोयीचे असते. जी वस्तू मोजून मिळते, तिच्याविषयीची भाषा नेमकी असते.

५.२ विषय विवेचन

५.२.१ शब्दाचे मूळ

‘ओल’ आणि ‘ओला’ हे तद्भव शब्द आहेत. संस्कृत ‘आर्द्र’ या शब्दाची प्राकृतात ‘अद्द’, ‘अल्ल’, ‘उल्ल’ आणि ‘ओल्ल’ अशी रूपे झाली. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या रूपांची नोंद केली आहे. त्यांपैकी ‘ओल्ल’ हे रूप मराठीत ‘ओल’, ‘ओला’ असे स्थिरावले.

याच कुळातला आणखी एक शब्द तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ‘आर्द्रक’ म्हणजे ओले असतानाच वापरावयाचे कंद. त्यापासून मराठीत ‘आले’ आणि हिंदीत ‘अदरक’ हे शब्द आले. आले वाळवले की त्याची सुंठ होते. म्हणजे ‘आले’ या नावातच ‘न वाळलेले’ हा अर्थ दडलेला आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

तत्सम ‘आर्द्र’ हा शब्दही मराठीत राहिला, परंतु त्याने वेगळे काम स्वीकारले. हवामान खाते ‘आर्द्रता’ सांगते, ती हवेतील बाष्पाची, आणि ती टक्क्यांत मोजली जाते. पर्जन्यनक्षत्रांत ‘आर्द्रा’ आहे. भावगंभीर लेखनात ‘आर्द्र स्वर’ असतो. शेतकरी मात्र जमिनीची ‘ओल’ पाहतो. एकाच मुळातून आलेल्या तत्सम आणि तद्भव शब्दांनी कामाची अशी वाटणी करून घेणे, हे मराठीत अनेक ठिकाणी दिसते.

५.२.२ मुख्यार्थ : जमिनीतील ओल

‘ओल’ म्हणजे पाणी नव्हे. पाणी वाहते, साचते, भरता येते. ओल ही एखाद्या पदार्थात मुरलेली, त्याला धरून राहिलेली पाण्याची अवस्था आहे. म्हणूनच आपण ‘विहिरीत ओल आहे’ असे म्हणालो, तर विहिरीत पाणी नाही, केवळ तळ ओलसर आहे, असा त्याचा अर्थ होतो. ‘मुरलेले असणे’ हा या शब्दाच्या अर्थाचा कणा आहे.

जिरायत शेतीत या अवस्थेला निर्णायक महत्त्व असते. रब्बी ज्वारीचे उदाहरण घ्या. हे पीक बहुतांशी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरले जाते. त्यानंतर पाऊस जवळजवळ संपलेला असतो. पुढचे तीन-चार महिने ते पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. खोल काळ्या जमिनीतील चिकणमाती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. मुरमाड, उथळ जमिनीतील ओल काही दिवसांत उडून जाते. त्यामुळे ‘पाऊस किती झाला?’ या प्रश्नापेक्षा ‘ओल किती गेली?’ हा प्रश्न अधिक नेमका ठरतो. येथे ‘गेली’ हे क्रियापद लक्षात घ्या. शहरातील वाचकाला ‘ओल गेली’ म्हणजे ओल नाहीशी झाली असे वाटेल. शेतकऱ्याच्या बोलण्यात मात्र ‘ओल वीतभर गेली’ म्हणजे ती वीतभर खोल उतरली. एकाच क्रियापदाने दोन विरुद्ध अर्थ व्यक्त होऊ शकतात आणि ते वेगळे करण्याचे काम संदर्भ करतो.

ओलीची योग्य मात्रा सांगणारा स्वतंत्र शब्दही मराठीत आहे – ‘वाफसा’. पावसानंतर जमिनीतील जास्तीचे पाणी निघून जाते, मातीच्या पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही राहतात, औताला चिखल चिकटत नाही आणि ढेकळेही निघत नाहीत. या अवस्थेला वाफसा म्हणतात. वाफसा येण्याआधी औत घातले तर जमीन तुडवली जाते. वाफसा निघून गेल्यावर घातले तर बी कोरड्यात पडते. पाभरीने पेरताना बी ओलीपर्यंत पोहोचेल इतक्या खोलीवर जावे लागते. पीक उभे राहिल्यावर कोळपणी केली जाते, ती केवळ तणासाठी नव्हे. कोळप्याने मातीचा वरचा थर मोकळा झाला की ज्या केसासारख्या बारीक वाटांनी ओल वर चढून उडून जाते, त्या तुटतात आणि खालची ओल टिकते.

आता या व्यवहारातील शब्दप्रयोग एकत्र पाहा : ओल जाणे, ओल धरणे, ओल टिकणे, ओल उडणे, ओलीवर पेरणे. याउलट पावसाच्या भरवशावर कोरड्या मातीत केलेली पेरणी म्हणजे धूळपेरणी. ओलीचा अंदाज चुकला तर करावी लागते ती दुबार पेरणी. म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी यांचा दुप्पट खर्च. शब्दाचा अर्थ चुकीचा समजणे आणि ओल चुकीची वाचणे या दोन क्रिया येथे फार दूर नाहीत. अनुभवी शेतकरी मूठभर माती दाबून तिचा गोळा होतो की ती भुरभुरते हे पाहतो, तेव्हा ‘ओल’ या शब्दाची व्याप्तीच तो हाताने ठरवीत असतो.

५.२.३ स्थानभेद आणि मूल्यभेद

जमिनीतील ओल हवीहवीशी असते. हीच ओल भिंतीत आली की नको असते. ‘भिंतीला ओल आली’ या वाक्यात पोपडे, लोणा, बुरशी आणि दुरुस्तीचा खर्च हे सारे सूचित होते. पायात ओल न राहणे हे चांगल्या बांधकामाचे लक्षण, तर मुळाशी ओल राहणे हे चांगल्या शेताचे. एकाच घराच्या अंगणात आणि ओसरीत या शब्दाचे मूल्य उलटे होते.

कणगीतील धान्याला ओल लागली तर त्याला बुरशी धरते किंवा मोड येतात. बाजारात ओलीचा थेट पैशाशी संबंध येतो. हमीभावाने सोयाबीन खरेदी करताना दाण्यातील ओलाव्याची कमाल मर्यादा १२ टक्के धरली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. त्या तीन टक्क्यांवर अनेकांचा माल स्वीकारला जाणार की परत जाणार, हे अवलंबून होते. नात्यात ज्या ‘ओलाव्या’चे आपण कौतुक करतो, तोच ‘ओलावा’ खरेदी केंद्रावर माल नाकारण्याचे कारण ठरतो.

यावरून एक महत्त्वाचे सूत्र हाती येते. ‘ओल’ हा शब्द स्वतः चांगला किंवा वाईट नाही. ओल कोठे आहे, यावरून तिचे मूल्य ठरते. शब्दकोशात अर्थ क्रमाने दिलेले असतात, परंतु हे मूल्य कोशातील क्रमांकावरून कळत नाही. ते वाक्यातून आणि व्यवहारातून कळते.

हवेच्या बाबतीत आणखी वेगळे शब्द आहेत. हवा ‘दमट’ असते, पापड ‘सादळतो’, कपडे ‘ओलसर’ किंवा ‘ओलेचिंब’ असतात, पानांवर ‘दव’ असते. एका अनुभवक्षेत्राची शब्दांनी केलेली ही वाटणी म्हणजे ‘अर्थक्षेत्र’ होय. प्रत्येक भाषेची वाटणी निराळी असते. इंग्रजीतील ‘डँप’, ‘वेट’, ‘मॉइस्ट’ आणि ‘ह्यूमिड’ या चार शब्दांसाठी मराठीत चार ठरलेले शब्द ठेवता येत नाहीत. ‘डँप’ भिंतीसाठी ‘ओल’ चालेल, ‘डँप’ कपड्यासाठी ‘दमट’ किंवा ‘ओलसर’ लागेल, आणि ‘डँप’ बिस्किटासाठी ‘सादळलेले’ हाच शब्द योग्य ठरेल. भाषांतर करताना शब्दाला शब्द न ठेवता वस्तूकडे पाहावे लागते, ते यामुळेच.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) ‘आले’ हा शब्द कोणत्या संस्कृत शब्दापासून आला आहे? त्यात ओलीचा कोणता अर्थ दडलेला आहे?
(आ) ‘ओल’ आणि ‘पाणी’ यांतील अर्थभेद एका वाक्यात सांगा.
(इ) ‘ओल गेली’ या प्रयोगाचे दोन अर्थ लिहा.

५.२.४ विरुद्धार्थी शब्दांची कसोटी

एखाद्या विशेषणाचा नेमका अर्थ शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा विरुद्धार्थी शब्द पाहणे. ‘ओला’ला विरुद्ध शब्द एकच नाही. पुढील जोड्या पाहा.

• ओला टॉवेल – कोरडा टॉवेल (पाण्याचा स्पर्श असणे / नसणे)
• ओला नारळ – सुके खोबरे. ओली मासळी – सुकी मासळी (ताजे / टिकवण्यासाठी वाळवलेले)
• ओला चारा – वाळला चारा, कडबा (हिरवा / वाळलेला)
• ओली जखम – भरलेली जखम (नुकती / जुनी)
• ओली भेळ – सुकी भेळ (चटणीचे पाणी घातलेली / न घातलेली)

ओले नारळ, ओल्या शेंगा, ओली हळद यांत ‘ओले’ म्हणजे पाण्याने भिजलेले नव्हे. त्या शेंगा पावसात भिजलेल्या असोत वा नसोत, त्या ‘ओल्या’च. येथे अर्थ आहे ‘अजून न वाळलेल्या’, म्हणजेच ‘ताज्या’. ‘आले’ या शब्दात आपण हाच अर्थ पाहिला होता. ‘न वाळलेले’पासून ‘नुकते’ हा अर्थ निघाला, आणि त्यातून ‘ओली जखम’, ‘ओली बाळंतीण’ हे प्रयोग आले. ओली बाळंतीण म्हणजे जिचे बाळंतपण नुकतेच झाले आहे, जिला अजून जपावयास हवे, अशी स्त्री. म्हणजे अर्थाची साखळी अशी तयार होते : पाणी मुरलेला – न वाळलेला – ताजा – नुकता – अजून जपण्याजोगा. प्रत्येक पायरी मागच्या पायरीला लागून आहे. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत मात्र बरेच अंतर आहे. अनेकार्थतेचे हे वैशिष्ट्य आहे.

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण याच साखळीवर उभी आहे. ओले लाकूड सहसा पेटत नाही. तरीही सुक्या लाकडाच्या संगतीत तेही जळून जाते. येथे ‘ओले’ म्हणजे निरपराध. मुलांच्या खेळात डाव ठरवण्यासाठी खापराची एक बाजू ओली करून ते उडवतात आणि ‘ओली की सुकी?’ असे विचारतात. तेथे ‘ओली’ म्हणजे केवळ एक बाजू. मूळ अर्थाची फक्त खूण उरलेली असते. अलीकडच्या बोलण्यात ‘ओली पार्टी’ म्हणजे मद्यपानाची मेजवानी.

‘कोरडा’ या शब्दाचीही अशीच स्वतंत्र अर्थसृष्टी आहे : कोरडी सहानुभूती, कोरडे उत्तर, कोरडा शिधा. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भाकरीबरोबर खावयाच्या कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणतात. पदार्थ पातळ असूनही नावात ‘कोरडे’ आहे. रूपावरून पाहता हे ‘कोरडे’ या शब्दाचे चतुर्थीचे रूप दिसते : कोरड्या भाकरीला लावून खावयाचे ते कोरड्यास. शब्दाच्या रूपाकडे नीट पाहिले की वरकरणी विसंगत वाटणारा अर्थही सुसंगत दिसू लागतो.

काही वेळा शासनव्यवहार नेहमीच्या शब्दाला नवा, ठरवून दिलेला अर्थ देतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनंतर ‘ओला कचरा’ आणि ‘सुका कचरा’ हे शब्द घरोघरी पोहोचले. येथे ‘ओला’ म्हणजे विघटनशील. केळीचे साल उन्हात वाळून कडक झाले तरी ते ओल्या कचऱ्यातच जाते. पावसात भिजलेली प्लॅस्टिकची पिशवी सुक्या कचऱ्यात जाते. हा ‘पारिभाषिक अर्थ’ होय. तो न शिकवता केवळ ‘ओला’ आणि ‘सुका’ अशा पाट्या लावल्या तर लोक मुख्यार्थानेच कचरा टाकतील, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

५.२.५ लक्ष्यार्थ : मनाचा ओलावा

भारतीय काव्यशास्त्रात शब्दाच्या अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या आहेत. ‘त्यांच्या बोलण्यात ओलावा होता’ या वाक्यात मुख्यार्थ घेता येत नाही, कारण बोलणे भिजत नाही. मुख्यार्थाला बाध आला की त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ आपण घेतो, ही लक्षणा. येथे लक्ष्यार्थ आहे आपुलकी, माया, सहृदयता.

हा लक्ष्यार्थ ‘ओल’ला कसा मिळाला? जिरायत भागात ओल दुर्मीळ असते, म्हणून ती मायेचे प्रतीक झाली, असे उत्तर सहज सुचते. ते आकर्षक आहे, पण पुरेसे नाही. भरपूर पाऊस असलेल्या कोकणातही नात्यातला ‘ओलावा’ हाच शब्द वापरला जातो. शिवाय ही प्रतिमा मराठीहून जुनी आहे. संस्कृतात ‘करुणार्द्र’, ‘स्नेहार्द्र’ असे शब्द आहेत. ‘स्नेह’ या शब्दाचाच अर्थ तेलकटपणा, स्निग्धता आणि प्रेम असा दुहेरी आहे. म्हणून असे म्हणणे अधिक योग्य की प्रतिमा परंपरेने दिली आणि ती जिवंत ठेवण्याचे काम भूमीच्या अनुभवाने केले. ‘पाझर’ हा शब्द पाहा. पाझर तलाव बांधून जमिनीत पाणी मुरवणाऱ्या भागात ‘त्याला पाझर फुटला’ हा वाक्प्रचार केवळ पुस्तकी राहत नाही. ‘उमाळा’ही असाच : आधी विहिरीतील पाण्याचा, मग मनातील भावनेचा.

‘ओल’च्या अर्थाचा कणा ‘मुरलेले असणे’ हा आहे, असे आपण ५.२.२ मध्ये म्हटले. तोच कणा येथेही टिकून आहे. ओलावा वरून ओतलेला नसतो, तो आत मुरलेला असतो. म्हणूनच केवळ गोड बोलणाऱ्या माणसाच्या बोलण्याला आपण ‘ओलावा’ म्हणत नाही.

प्रत्येक भाषा ओलीपासून हाच अर्थ काढते असे मात्र नाही. ब्रिटिश बोलीत एखाद्या माणसाला ‘वेट’ म्हणणे म्हणजे तो मिळमिळीत आहे असे म्हणणे. स्नेहासाठी तेथे ‘वॉर्म’, म्हणजे ऊब देणारा, हा शब्द आहे. मराठीत ‘मायेची ऊब’ आणि ‘मायेचा ओलावा’ असे दोन्ही प्रयोग होतात. ऊब आसरा देते, ओलावा रुजू देतो. दोन्ही शब्द जवळचे असले तरी एकमेकांच्या जागी सरसकट ठेवता येत नाहीत.

५.२.६ अनेकार्थता आणि समरूपता

दोन शब्द उच्चाराने सारखे असले म्हणजे तो एकच अनेकार्थी शब्द असतो, असे नाही. ‘प्रवाशांना ओलीस ठेवले’ या वाक्यातील ‘ओलीस’चा ओलीशी संबंध नाही. तहाच्या किंवा कराराच्या पूर्ततेसाठी तारण म्हणून ठेवलेल्या माणसाला जुन्या मराठीत ‘ओल’ म्हणत. ‘ओलीस’ हा शब्द त्याच्याशी निगडित आहे. याउलट ‘बी ओलीस लागले’ या वाक्यात ‘ओलीस’ हे ओल या शब्दाचे ‘ओलीला’ या अर्थाचे विभक्तिरूप आहे. येथे दोन निराळे शब्द योगायोगाने एकरूप झाले आहेत. ही ‘समरूपता’ होय. त्याचप्रमाणे बंगाली आणि पूर्वेकडील हिंदी बोलींत ‘ओल’ म्हणजे सुरण.

‘ओलीत’ या रूपाकडेही लक्ष द्या. ‘बी ओलीत पडले’ येथे ते ओल या शब्दाचे सप्तमीचे रूप आहे. विदर्भ-मराठवाड्यात ‘ओलीत’ हे सिंचनासाठी स्वतंत्र नाम आहे : ‘चार एकर ओलीत, सहा एकर कोरडवाहू’. पश्चिम महाराष्ट्रात याच भेदासाठी फारसी-अरबीतून आलेले ‘बागायत’ आणि ‘जिरायत’ हे शब्द रूढ आहेत. परंतु ‘ओलीत’चे दोन्ही उपयोग मूळ ओलीशी जोडलेले असल्याने ही समरूपता नव्हे.

अर्थ कसा निश्चित करावा, याचा विचार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात केला आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण अशी अर्थनिश्चितीची साधने त्याने सांगितली. ‘ओली’ शेजारी ‘बाळंतीण’ आली की साहचर्याने अर्थ ठरतो. ‘सुकी’ आली की विरोधाने. आणि बोलणारा शेतात उभा आहे की गवंड्याशी बोलत आहे, यावरून प्रकरणाने.

५.२.७ लोकांचा शब्द आणि कार्यालयाचा शब्द

‘ओला दुष्काळ’ या प्रयोगाचा विचार शेवटी करू. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो. परंतु ‘दुष्काळ’ या शब्दाची फोड केली तर ‘दुस् + काळ’, म्हणजे वाईट काळ, एवढाच अर्थ निघतो; पाऊस नसण्याची अट त्यात नाही. वापराच्या ओघात तो शब्द अवर्षणापुरता मर्यादित झाला. हा अर्थसंकोच. अतिपावसानेही पीक हातचे गेले, तेव्हा लोकांनी ‘ओला’ हे विशेषण जोडून त्याची व्याप्ती पुन्हा वाढवली. आणि त्यानंतर नेहमीच्या दुष्काळाला ‘कोरडा दुष्काळ’ असे वेगळे म्हणण्याची गरज निर्माण झाली.

शासनव्यवहारात मात्र ‘दुष्काळ’ ही संज्ञा संकुचित अर्थानेच वापरली जाते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसातील तूट, पेरणीखालील क्षेत्र, पिकांची स्थिती, जलसाठे यांबरोबर मृदा आर्द्रता हाही निकष आहे. मृदा आर्द्रता म्हणजे शेतकऱ्याची ओलच; कार्यालयात तिने तत्सम पोशाख घातला आहे. अतिपावसाच्या नुकसानीसाठी ‘अतिवृष्टी’ ही वेगळी संज्ञा असून, महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस हा तिचा निकष आहे.

आता अडचण पाहा. रोज थोडा थोडा पाऊस दीर्घकाळ पडत राहिला, एकाही दिवशी ६५ मिलिमीटरची मर्यादा ओलांडली गेली नाही, तरी वाफसा न आल्याने पीक जागेवर कुजते. शेतकऱ्याच्या शब्दात हा ओला दुष्काळच. निकषात मात्र ती अतिवृष्टी नव्हे. ही पोकळी काही अंशी भरण्यासाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती म्हणून मान्य केली. लोकांच्या अनुभवापर्यंत पोहोचण्यासाठी शासनाला आणखी एक शब्द घ्यावा लागला.

अवर्षणग्रस्त समजल्या जाणाऱ्या भागालाही हा प्रश्न परका नाही. मे २०२५ च्या अखेरीस बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मुसळधार पाऊस होऊन नीरा डाव्या कालव्याला भगदाड पडले. ज्या तालुक्यात ओलीची वाट पाहिली जाते, तेथेच ती आवरेनाशी झाली.

यातून तुम्ही काय घ्यावयाचे? गावातील कोणी तुमच्याकडून नुकसानभरपाईचा अर्ज लिहून घेईल, तेव्हा केवळ ‘ओला दुष्काळ पडला आहे’ असे लिहिणे अपुरे ठरेल. पावसाच्या तारखा, मंडळातील मिलिमीटरची नोंद आणि ‘अतिवृष्टी’ किंवा ‘सततचा पाऊस’ यांपैकी लागू होणारी संज्ञा लिहावी लागेल. त्याच वेळी लोकांचा शब्द चुकीचा आहे, असे समजू नये. निकष पावसाचे मोजमाप करतात. ‘ओला दुष्काळ’ हा शब्द पावसाने काय केले ते सांगतो. दोन्ही भाषा जाणणारा माणूस या दोहोंमध्ये पूल बांधू शकतो. भाषेच्या पदवीचा असाही एक उपयोग आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) वाळलेले केळीचे साल ‘ओल्या कचऱ्या’त का मोडते?
(आ) ‘ओलीस ठेवणे’ आणि ‘ओलीस लागणे’ यांतील ‘ओलीस’ अनेकार्थी आहे की समरूप? कारण द्या.
(इ) ‘दुष्काळ’ शब्दात अर्थसंकोच कसा झाला?

५.३ सारांश

‘ओल’ हा संस्कृत ‘आर्द्र’पासून प्राकृतमार्गे आलेला तद्भव शब्द आहे. पदार्थात मुरलेली पाण्याची अवस्था हा त्याचा मुख्यार्थ होय. त्यापासून न वाळलेला, ताजा, नुकता असे अर्थ साखळीने निघाले आणि लक्षणेने आपुलकीचा अर्थ मिळाला. ओल कोठे आहे यावर तिचे मूल्य अवलंबून असते. विरुद्धार्थी शब्द, साहचर्य आणि प्रकरण यांच्या साहाय्याने नेमका अर्थ ठरवता येतो. सारख्या रूपाचे पण असंबद्ध अर्थाचे शब्द समरूप असतात, अनेकार्थी नव्हेत. लोकव्यवहार आणि शासनव्यवहार एकाच अनुभवाला वेगवेगळे शब्द देतात, आणि त्या अंतराचे परिणाम प्रत्यक्ष जीवनात भोगावे लागतात.

५.४ पारिभाषिक शब्द

अनेकार्थता : एका शब्दाला परस्परसंबद्ध अनेक अर्थ असणे.
समरूपता : भिन्न मुळांच्या, असंबद्ध अर्थांच्या शब्दांचे रूप सारखे असणे.
अर्थक्षेत्र : एका अनुभवविषयाची वाटणी करून घेणारा शब्दसमूह.
अर्थसंकोच : शब्दाच्या अर्थाची व्याप्ती कमी होणे.
सहप्रयोग : विशिष्ट शब्द विशिष्ट शब्दांबरोबर नेहमी येणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) ‘आर्द्रक’, ‘न वाळलेले’ हा अर्थ. (आ) पाणी वाहते किंवा साचते, तर ओल पदार्थात मुरलेली असते. (इ) ओल खोल उतरली. ओल नाहीशी झाली.

२. (अ) येथे ‘ओला’ हा शब्द ‘विघटनशील’ या पारिभाषिक अर्थाने वापरला आहे. (आ) समरूप, पहिल्याचा संबंध तारणाशी, दुसऱ्याचा जमिनीतील ओलीशी असून दोहोंत अर्थसंबंध नाही. (इ) ‘वाईट काळ’ या व्यापक अर्थावरून ‘पावसाअभावी आलेली टंचाई’ एवढाच अर्थ रूढ झाला.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘ओला’ या विशेषणाची अर्थसाखळी उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. “ओलीचे मूल्य ती कोठे आहे यावर ठरते.” या विधानाची चर्चा करा.
३. ‘ओलावा’ या शब्दाचा भावनिक अर्थ केवळ हवामानावरून स्पष्ट होतो काय? साधकबाधक विवेचन करा.
४. टीपा लिहा : (अ) वाफसा (आ) ओला दुष्काळ (इ) समरूपता.

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील किंवा परिसरातील एक शेतकरी, एक गवंडी आणि एक गृहिणी यांच्याशी बोला. ओल, ओला, कोरडा, सुका, वाफसा, दमट, सादळणे यांपैकी कोणते शब्द ते कोणत्या वस्तूंसाठी वापरतात, ते पूर्ण वाक्यांसह लिहून घ्या. शब्द विचारू नका; कामाविषयी विचारा, शब्द आपोआप येतील. जमलेल्या वाक्यांचा तक्ता करा आणि या घटकात न आलेला निदान एक प्रयोग शोधून त्याचा अर्थ साखळीत कोठे बसतो, ते दाखवा. वयस्क व्यक्तींपासून सुरुवात करावी. औतामागे चाललेल्या पिढीचे शब्द वहीत उतरवून घेण्यास आता फार विलंब करून चालणार नाही.